ताताय दुसरा वार शिकवत नाहीत

आर्गाव, सेबू
९ फेब्रुवारी १९८७

मानोय तेर्यो,

तुझं जहाज सध्या कुठल्या समुद्रात आहे ते एजंटाच्या ऑफिसातल्या बाईलाही सांगता येईना, म्हणून हे पत्र तिच्याच हवाली करते आहे. वाचलंस की लगेच उत्तर दे. मला विचारायला दुसरं कोणी नाही.

नानाय गेल्यापासून आईची भट्टी मीच चालवते. तोर्ताच्या केकचं पीठ फुगायला ताजी माडी लागते आणि आपल्या भागातले माड आता रुस्तिको चढतो. म्हाताऱ्या नोय बेर्तोचा मुलगा, तुझ्याहून लहान, माझ्याहून थोडा मोठा. सकाळी माडी घेऊन येतो तो दारातून हलत नाही. आधी नुसता हसायचा. मग म्हणायला लागला, "इंदाय पेतांग, तुझ्या भट्टीला माझी माडी चालते, मग मी का चालत नाही?" मी एकदा तोंडानं आणि एकदा झाडूनं उत्तर दिलं. तेव्हापासून दुपारी मी टोपली घेऊन बसच्या थांब्याकडे निघाले की हा माडांच्या वाटेत आडवा उभा असतो. कमरेला माडीचा कोयता. गेल्या आठवड्यात त्यानं त्या कोयत्याच्या टोकानं टोपलीवरचं फडकं उचललं आणि म्हणाला, "नाही म्हणायची सवय बरी नाही." थांब्याला दुसरी वाट नाही, आणि तोर्ता घरात ठेवून तर पोट भरत नाही. गावचा कारभार बघणाऱ्या कापितानला सांगितलं तर तो म्हणतो, लग्न करून टाक, दोघांचाही त्रास मिटेल.

म्हणून मी तातायना म्हटलं, बाप एस्क्रिमाचा वस्ताद आणि मुलीला काठी धरता येत नाही, मला शिकवा. वाटलं होतं हसतील. इतक्या वर्षांत त्यांनी अंगणात मुलीच्या हातात काठी दिली नाही. पण लगेच हो म्हणाले, वेताची काठी दिली आणि पहिला वार दाखवला. उजव्या खांद्यावरून तिरका खाली, समोरच्याच्या हातावर, आणि त्याच वेळी आपलं पाऊल तिरकं बाहेर. झालं. त्यानंतर रोज सकाळी तेच. केळीचा बुंधा रोवलाय, त्याला तोच वार. बुंधे झिजून बदलले, वार बदलत नाही. मी विचारते, "ताताय, दुसरा कधी?" तर म्हणतात, "आधी पहिला." रुस्तिको काय माझा पहिला पिकेपर्यंत थांबणार आहे?

तुलाही असंच शिकवलं होतं का? खरं सांग.

पेतांग


कोबे बंदर
१६ मार्च १९८७

इंदाय,

अक्षर वाकडं आहे त्याला हसू नकोस. जहाजावर दोर ओढायच्या यंत्रात हात सापडला, अजून पट्टी आहे. घाबरण्यासारखं काही नाही.

तुझं पत्र वाचून मी चक्रावलो. मला नाही शिकवलं असं. पहिल्या पावसाळ्यातच बाराही वार झाले होते. त्यानंतर जवळून लढणं, हातातलं हत्यार काढून घेणं, काठी गेली तर रिकाम्या हातानं काय करायचं, सगळं. पहिल्या वारावर मी एक आठवडासुद्धा घालवला नसेल. मला कंटाळा यायचा आणि तातायना माझ्या कंटाळ्याची कीव यायची.

तेव्हा दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तू मुलगी आहेस म्हणून ते तुझी बोळवण करतायत. नाही तर राखून ठेवतायत. वस्ताद लोकांचं तुला माहीत नसेल तर सांगतो. आपल्याकडे कुठलाही वस्ताद शिष्याला सगळं देत नाही. शेवटचा एक डाव स्वतःजवळ ठेवतोच, म्हणजे उद्या शिष्य उलटला तर तोंडघशी पडायला नको. मलाही तातायनी सगळं देऊन शेवटचा दिलेला नाही. म्हणाले होते, परत येशील तेव्हा देईन. मी दर सुट्टीत वाट बघतो आणि ते दर वेळी कोंबड्यांचं काहीतरी काढतात.

यावर उपाय आहे. त्यांना ताजी माडी पाज, सोबत डुकराचे कान परतून दे. ऐन रंगात आले की त्यांच्यासमोर मुद्दाम दुसरा वार चुकीचा मार. चूक बघून वस्तादाला गप्प बसवत नाही. आपोआप काठी उचलतील.

तोवर हे कर. कोयता वरून आला की डाव्या हातानं त्याचं मनगट धरायचं, काठीचं बूड त्याच्या अंगठ्यामागे घालायचं आणि बाहेर पिळायचं. कोयता तुझ्या हातात. एवढं आलं तरी पुरे. आणि जमत नसेल तर भट्टी बंद कर, शहरात तिया कोनिंगकडे जाऊन राहा. तातायना मी समजावीन.

तेर्यो


आर्गाव
२ मे १९८७

मानोय,

उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं. तिया कोनिंगकडे जायचं तर तातायना कोण बघणार? परवा चुलीवर भात ठेवून समुद्रावर निघून गेले. भाताचा कोळसा झाला. विचारलं तर म्हणाले, "तू ठेवला होतास ना?" मी घरातच नव्हते. भांडावंसं वाटलं, पण म्हटलं जाऊ दे, म्हातारपण.

तुझा उपाय करून पाहिला. माडी झाली, डुकराचे कान झाले. कार्काराच्या जत्रेत त्यांनी त्या उंच माणसाची काठी कशी उडवली ते सांगितलं, मग थोड्या वेळानं तेच पुन्हा सांगितलं, त्याच जागी हसले. मी दुसरा वार मुद्दाम वेडावाकडा मारला. ते बघत राहिले. मी पुन्हा मारला. तर एकदम ओरडले, "पहिला धड येत नाही आणि नाचते कशाला?" काठी टाकून आत गेले. तातायना मी कोणावर असं ओरडताना पाहिलेलं नाही. रात्री जेवलेसुद्धा नाहीत. मी रडले, तुला सांगायला लाज कसली. आता मी विचारणंच सोडलंय.

तुझी ती मनगट पिळायची युक्ती शेजारच्या नांग सालुदबरोबर करून पाहिली. तिच्या हातात भाताचा डाव होता. मी मनगट धरेपर्यंत तिनं डाव माझ्या अंगठ्यावर घातला. अंगठा सुजलाय. नांग सालुद एस्क्रिमा शिकलेली नाही, तिला नुसती भूक लागली होती.

गंमत ऐक. नोय फेलिमोन आणि बाकीचे शिष्य कंटाळून यायचे बंद झाले होते, कारण तातायनी त्यांनाही पहिल्याच वारावर आणून उभं केलं. आता ते सगळे परत आलेत, शिवाय पलीकडच्या गावातले नवे. गावात बोललं जातं की म्हातारा आता अगदी गाभ्यातलं देतो आहे, बाराही वार त्या एकात आहेत, ज्याला कळलं त्याला कळलं. नोय फेलिमोन डोळे मिटून वार करतो. बुंध्याला लागत नाही, पण चेहऱ्यावर समाधान असतं.

मला काहीच कळलेलं नाही. रुस्तिको आता सकाळी माडी देताना हात धरतो. मी सोडवून घेते. परवा म्हणाला, "फिएस्ताच्या आधी तुला उचलून नेलं तर कोण अडवणार, तुझा म्हातारा?" फिएस्ताची जत्रा सप्टेंबरात आहे, म्हणजे निदान तारीख तरी कळली.

पेतांग


रॉटरडॅम
२० जून १९८७

पेतांग,

नोय फेलिमोनचं पत्र आलं. तो लिहितो की ताताय सगळ्यांच्या आधी, पहाटे, तुला एकटीला अंगणात घेतात आणि पायाशी बसून तुझं पाऊल स्वतःच्या हातानं वळवतात. तो म्हणतो, वस्तादानं शेवटचं मुलीला दिलं.

तू मला लिहितेस की काहीच शिकवत नाहीत. मग हे काय आहे? माझं पाऊल त्यांनी कधी हातात घेतलं नाही. दोघं मिळून मला मूर्ख बनवताय का? मी सतराव्या वर्षापासून त्या एका डावाची वाट बघतोय. थोरला मुलगा मी आहे. तो मला मिळायला हवा होता. तुला वाटेवरून चालायला शिकायचं होतं, त्यासाठी वस्तादाचा शेवटचा डाव लागत नाही.

तुला दिला असेल तर तसं साफ लिही. मी गप्प बसेन. पण खोटं लिहू नकोस.

तेर्यो


आर्गाव
३० जुलै १९८७

मानोय,

तुझं पत्र मी फाडणार होते. मग वाटलं, तू इतका लांब आहेस की तुला काही दिसतच नाही, तुझ्यावर रागावून काय करू. पहाटे ते माझं पाऊल वळवतात ते त्या पहिल्याच वाराचं. आता मी सांगते ते शेवटपर्यंत वाच.

सेनियोर सान्तियागोच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारी टोपली घेऊन निघाले. हातात काठी होतीच, कुत्र्यांसाठी ती मी नेतेच. रुस्तिको वाटेत होता. प्यालेला होता. त्यानं टोपली ओढून खाली टाकली, तोर्ता सगळे मातीत. म्हणाला, "आज घरी परत जायचं नाही." डाव्या हातानं माझी बाही धरली आणि उजव्या हातात कोयता. मला मारणार होता की घाबरवणार होता ते मला माहीत नाही, आणि त्यालाही माहीत होतं असं वाटत नाही. मला तुझी युक्ती आठवली नाही. काहीच आठवलं नाही. कोयता वर गेला आणि माझं पाऊल बाहेर पडलेलं होतं, बाही फाटली, आणि काठी त्याच्या हातावर उतरून गेली होती. काय झालं ते मला त्याच्या ओरडण्यावरून कळलं. कोयता गवतात पडला होता. मग मी पळाले. पळायचं कोणी शिकवलं नव्हतं, पण तेही आलं.

घरी आले. तातायना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पाऊल आधी पडलं?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "जेवून घे."

खरी कमाल दुसऱ्या दिवशी. सकाळी दारात रुस्तिको, त्याची आई आणि सुजून काळानिळा झालेला त्याचा हात. पंचक्रोशीत मोडलेलं हाड बसवणारा ताताय सोडून आहे कोण? ज्यानं मोडायला शिकवलं त्याच्याकडेच जोडायला आणावं लागतं, हे आपल्या गावात नवं नाही. त्याची आई माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "ताताय, हा रुस्तिको आहे." ते म्हणाले, "हं, बसव त्याला." दारात आलेल्याला हाकललं तर हातातला गुण जातो, हे त्यांचं नेहमीचं. गुड फ्रायडेला कढवलेलं तेल काढलं आणि हात मांडीवर घेतला. मानोय, त्यांची बोटं बघायला हवी होतीस. तरण्या माणसासारखी चालत होती. हाड जागेवर बसलं तसे म्हणाले, "कोणी मारला हा? सुरेख मारलाय. मनगटाला धक्का नाही." मी त्यांना आदल्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. ते रुस्तिकोला म्हणाले, "हात बरा होईपर्यंत रोज सकाळी ये. तेल लावून घे, आणि डाव्या हातात काठी घे. ही पेतांग तुला दाखवेल."

ते गेल्यावर माझा संयम संपला. मी म्हटलं, "ताताय, ज्यानं मला ओढलं त्याला काठी देताय आणि मला अजून दुसरा वार नाही? आत्ता दाखवा." त्यांनी काठी घेतली. उचलली. तशीच धरून उभे राहिले. मग पहिलाच वार मारला. पुन्हा उचलली, पुन्हा पहिलाच. मग हळूच म्हणाले, "पेतांग, दुसरा कुठून येतो गं?"

ते लपवत नव्हते, मानोय. बोळवण नव्हती, परीक्षा नव्हती, गाभ्यातलं काही नव्हतं. ताताय विसरलेत. जेवढं उरलंय तेवढंच ते रोज आम्हाला देत होते. दुसऱ्या कुठल्या गावात म्हाताऱ्याचं विसरणं महिन्याभरात कळलं असतं. इथं वस्ताद काही शिकवत नाही म्हटलं की आपण समजतो, राखून ठेवलंय. मी समजले, तू समजलास, फेलिमोन तर डोळे मिटून समजला. मी इतके महिने त्यांच्यावर चिडत होते, आणि ते बिचारे उभे राहून शोधत होते.

तुझ्या शेवटच्या डावाबद्दल मी विचारलं. "तो तर मी केव्हाच तेर्योला दिला," म्हणाले. आता तू म्हणतोस दिला नाही. कोणाचं खरं मानू?

पेतांग


सिंगापूर
८ सप्टेंबर १९८७

इंदाय,

तुझं पत्र मी जहाजाच्या मागच्या टोकाला जाऊन वाचलं आणि तिथंच बराच वेळ बसलो. मला रडता येत नाही असं मी समजत होतो.

हात यंत्रात सापडला नव्हता. कोबेला पोचायच्या आधी मनिलाच्या धक्क्यावर एका माणसानं माझ्यावर सुरा काढला. मी तीच युक्ती केली, मनगट धरायचं आणि पिळायचं. त्यानं सुरा मागे ओढला आणि माझा तळहात कापला गेला. पाऊल जागचं हललंच नव्हतं. मला इतकं येतं, इंदाय, की त्या वेळी त्यातलं काय करायचं तेच ठरवता येईना. मी तुला ती युक्ती लिहून पाठवली तेव्हा तो हात पट्टीतच होता. कशासाठी पाठवली ते मलाही सांगता येत नाही. ती चालेल असं तुझ्याकडून तरी ऐकायचं असावं.

शेवटचा डाव मला दिला म्हणतात. कधी? मी एकेक आठवून बघतो. ते एकदा काठी न उचलता नुसते माझ्या जवळ येऊन उभे राहिले होते, तो होता का? की डुकरांच्या गोठ्याजवळ एकदा नुसतंच पाडलं होतं, ते? की दिलाच नाही आणि दिल्याचं त्यांना वाटतंय? आता कोणाला विचारणार.

पण रुस्तिकोला शिकवायचं नाही, हे मी थोरला भाऊ म्हणून सांगतो. एक वारसुद्धा नाही. तातायना भान नाही, तुला तर आहे ना? हात बरा झाला की तो काय करेल? मी नाताळात येतो. तोवर त्याला अंगणात पाय ठेवू देऊ नकोस.

तेर्यो


आर्गाव
१९ ऑक्टोबर १९८७

मानोय,

तू येतो आहेस हे तातायना रोज सांगते आणि ते रोज नव्यानं खूश होतात. त्यातल्या त्यात हा एक फायदा. शिष्यांना मी काही सांगितलेलं नाही. सांगावं की नाही ते तू आलास की ठरवू. पहिला वार तर ते चुकत नाहीत, आणि त्याचसाठी लोक येतात, मग मी फसवते आहे की नाही हे मला अजून कळत नाही.

रुस्तिकोला मी हाकलणार होते. खरंच. पण त्याचा हात आखडला तर माडावर चढता येणार नाही, आणि त्या घरात चढणारा तो एकटाच. त्याची आई रोज सोबत येते आणि दाराशी उकिडवी बसते. आणि ताताय सकाळी उठल्या उठल्या विचारतात, "तो हात मोडलेला आला का?" माझं नाव कधी कधी चुकतात, मला नानायच्या नावानं हाक मारतात, पण तो हात विसरत नाहीत. मग काय करू? तुझं ऐकू की त्यांचं? दोन दिवस मी भट्टीसमोर नुसती बसून होते.

शेवटी मी त्याला शिकवते आहे. ओरडू नकोस, आधी ऐक. काठी दिलेली नाही, वार दाखवलेला नाही. मी त्याला फक्त मागं सरायला शिकवते. मी काठी घेऊन समोर उभी राहते आणि एक पाऊल पुढं टाकते. त्यानं एक पाऊल मागं जायचं आणि वाटेतून बाजूला व्हायचं. एवढंच. सुरुवातीला तो जागचा हलेना, आवळलेल्या मुठीनं माझ्याकडे बघत राहिला. मी काठी वर उचलली तेव्हा हलला. ताताय म्हणाले, "काठी का देत नाहीस त्याला?" मी म्हटलं, "आधी पाय, ताताय." त्यांनी बराच विचार केला आणि मान डोलावली. म्हणाले, "हे पक्कं झाल्याशिवाय पुढचं देऊ नकोस हं."

मला अजून त्याची भीती वाटते. त्यालाही माझी वाटत असावी. नांग सालुद म्हणते, एवढ्यानं माणूस सुधारत नसतो. मी तिला म्हटलं, मला तो सुधारायचा नाहीये, मला बसच्या थांब्यावर जायचंय.

काल दुपारी मी टोपली घेऊन निघाले. माडांच्या वाटेवर तो समोरून येत होता, हाताला फडकं, कमरेला कोयता. मी थांबले नाही. तो एक पाऊल मागं गेला आणि बाजूला झाला. पाऊल जरा उशिरा पडलं. आज सकाळी ते त्याच्याकडून पुन्हा घोटून घेतलं.

पेतांग